शिपाई ध्यानचंद

१९२८ सालच्या मार्च महिन्याची दहा तारीख. मुंबईच्या बंदरात ‘कैसर-ए-हिंद’ नावाची आगबोट विलायतेला निघण्याच्या तयारीत उभी होती. भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ तिच्यातून जाणार होता. आज असा संघ निघाला तर हार, फुले, ढोल आणि छायाचित्रकार यांची केवढी गर्दी उसळेल! त्या दिवशी मात्र धक्क्यावर निरोप द्यायला फक्त तीन माणसे आली होती. लोकांना या संघाचे कौतुक नव्हते. का असावे? निघण्यापूर्वी मुंबईच्या निवडक खेळाडूंशी त्यांचा सामना झाला होता आणि त्यात ऑलिंपिकचा संघ तीन विरुद्ध दोन गोलांनी हरला होता.

या संघाची आणखी एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. संघ निवडला गेला, पण सर्वांच्या प्रवासाला पैसे पुरेनात. तेरा जणांना पाठवता येईल, दोघांना घरी राहावे लागेल, असा हिशेब निघाला. ते दोघे होते बंगालकडून खेळणारे शौकत अली आणि मध्य प्रांताचे रेक्स नॉरिस. दोघांनीही आपली जागा खेळून मिळवली होती. खेळात काही उणे नव्हते. उणे होते ते तिजोरीत. शेवटी बंगालच्या हॉकी संघटनेने पैसे उभे केले आणि या दोघांना बोटीवर पाय ठेवता आला.

त्याच बोटीवर बावीस वर्षांचा एक सडपातळ, सावळा, अबोल तरुण होता. तो लष्करात लहानशा हुद्द्यावर होता. त्याचे नाव ध्यानसिंह. जग आज त्याला ध्यानचंद म्हणून ओळखते.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील समेश्वरसिंह लष्करात होते. लष्करी नोकरी म्हणजे आज या गावी, तर उद्या त्या गावी. मुलांच्या शाळेचे त्यामुळे हाल होत. ध्यानचंद यांचे शिक्षण सहा वर्षांतच थांबले. पुढे सरकारने वडिलांना झाशी येथे घरासाठी जागा दिली आणि हे कुटुंब झाशीकर झाले. मोठे मूलसिंह, मधले ध्यानचंद आणि धाकटे रूपसिंह असे हे भाऊ होते.

तुम्हांला वाटेल, की एवढा मोठा खेळाडू लहानपणापासून हातात काठी घेऊनच वाढला असेल. तसे मुळीच नव्हते. लहानपणी त्यांना कुस्तीची आवड होती. मुले झाडाच्या फांद्यांच्या काठ्या करून चिंध्यांचा चेंडू बडवतात, तसा खेळ तेही कधीमधी खेळले असतील. पण हॉकीचे म्हणावे असे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. सतराव्या वाढदिवशी, म्हणजे २९ ऑगस्ट १९२२ रोजी, ते दिल्लीला साध्या शिपायाच्या जागेवर लष्करात भरती झाले. त्यांच्या पलटणीचे नाव होते ‘फर्स्ट ब्राह्मण’. खेळाडू म्हणून त्यांना कोणी घेतले नव्हते. बंदूक धरणारा आणखी एक जवान, एवढीच त्यांची किंमत होती.

या पलटणीत बाले तिवारी नावाचे सुभेदार-मेजर होते. त्यांना हॉकीचे अतोनात वेड होते. पलटणीच्या छावणीत संध्याकाळी हॉकी चाले. नव्या पोरांना पुष्कळ पलटणींत काठी मिळत नसे. जुने खेळत, नवे चेंडू आणून देत. तिवारींची नजर या नव्या शिपायावर पडली. त्यांनी त्याच्या हाती काठी दिली आणि त्याला खेळाचे पहिले धडे दिले. ध्यानचंद यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात तिवारींना पहिल्या गुरूचा मान दिला आहे.

ही घटना लहान दिसते. पण जरा थांबून विचार करा. त्या वर्षी त्या छावणीत किती तरी तरुण भरती झाले असतील. त्यांतल्या आणखी एखाद्याच्या मनगटात तशीच जादू असेलही. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, त्याला काठी मिळाली नाही, म्हणून त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ध्यानचंद यांच्या अंगी गुण होता यात शंका नाही. पण गुणाला पारखी भेटला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

आता त्या काळचा खेळ कसा होता, हे थोडक्यात समजून घ्या. संघात अकरा खेळाडू असत. त्यांपैकी पाच जण आघाडीवर, एका ओळीत. दोन टोकांना दोन, त्यांना ‘आउट’ म्हणत. त्यांच्या आत दोन, ते ‘इनसाइड’. आणि अगदी मध्ये सेंटर फॉरवर्ड. टोकाच्या खेळाडूने कडेकडेने धावत जायचे, चेंडू मध्ये ढकलायचा आणि पुन्हा मागे यायचे. त्याचा घाम सर्वांत जास्त आणि गोल सर्वांत कमी. मधल्या खेळाडूसमोर मात्र गोलाचे तोंड उघडे असते. म्हणून कोणाला मध्ये उभे करायचे आणि कोणाला टोकाला, हे शिकवणारा ठरवतो तेव्हा तो नकळत हेही ठरवत असतो, की कोणाचे नाव होणार आणि कोणाचे नाही. शिवाय त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलता येत नसे. एखादा दुखावला तर संघ दहा जणांनी खेळे. आजच्यासारखे दर काही मिनिटांनी ताजे खेळाडू आत पाठवण्याची सोय नव्हती. जो अकरांत नाही, तो सबंध सामना बाहेर बसून पाहणार.

ध्यानचंद यांना मधली जागा मिळाली. त्यांनी या जागेचे सोने केले, आणि त्यासाठी वाटेल ते कष्ट घेतले. दिवसभर कवायत आणि पहारा. सरावाला वेळ मिळे तो रात्री. तेव्हा मैदानावर विजेचे दिवे नव्हते. सांगतात, की ते चंद्र उगवण्याची वाट पाहत आणि चांदण्यात एकटेच चेंडू घोळवत बसत. त्यावरून सोबती त्यांना ‘चांद’ म्हणू लागले आणि ध्यानसिंहाचा ध्यानचंद झाला.

त्यांच्या खेळातली एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. चेंडू त्यांच्या काठीला चिकटून राहतो, अशी त्यांची ख्याती आहे. ऐकणाऱ्याला वाटते, की हा माणूस चेंडू सोडतच नसेल. प्रत्यक्षात तिवारींच्या शिकवणीत आणि त्यांच्या स्वतःच्या खेळात चेंडू सोडण्याला फार महत्त्व होते. कोणता जोडीदार मोकळा आहे हे मान वर न करता त्यांना कळे, आणि क्षणात चेंडू त्याच्याकडे जाई. चेंडू अडवून ठेवणारा खेळाडू त्यांना आवडत नसे. याचे एक सुंदर उदाहरण पुढे येईलच.

१९२२ ते १९२६ या काळात ते फक्त लष्करातले सामने खेळले. झेलम येथल्या एका सामन्याची हकिकत अजून सांगतात. त्यांचा संघ दोन गोलांनी मागे होता आणि चारच मिनिटे उरली होती. तेवढ्यात त्यांनी तीन गोल केले आणि सामना जिंकला.

१९२६ साली भारतीय लष्कराचा संघ न्यूझीलंडला जाणार असे ठरले. आता आली निवड. साध्या शिपायाला विलायतेच्या दौऱ्यावर पाठवतील, याची त्या काळी खात्री कोणी द्यावी? राज्य इंग्रजांचे. लष्करातला गोरा अधिकारी वेगळा, हिंदी शिपाई वेगळा; दोघांची जेवणाची जागाही एक नसे. पण संघात ध्यानचंद यांचे नाव आले. वरिष्ठांकडून ही बातमी कळताच आनंदाने त्यांना बोलणे सुचेना. त्यांनी तडक आपली बराक गाठली आणि ती सोबत्यांना सांगितली. या दौऱ्यात संघ २१ सामने खेळला. १८ जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि एक हरला. संघाने १९२ गोल केले. परत आल्यावर ध्यानचंद यांना लान्स नाईक ही बढती मिळाली.

१९२५ साली ग्वाल्हेरला भारतीय हॉकी महासंघाची स्थापना झाली होती. ऑलिंपिकसाठी संघ कसा निवडावा, हा प्रश्न महासंघापुढे होता. त्यांनी तो चांगल्या रीतीने सोडवला. १९२८ मध्ये कलकत्त्याला पाच प्रांतांचे सामने ठेवले. पंजाब, बंगाल, राजपुताना, मध्य प्रांत आणि संयुक्त प्रांत. सर्वांनी एकाच मैदानावर यावे, सर्वांदेखत खेळावे आणि त्यांतून संघ ठरावा. लष्कराने ध्यानचंद यांना संयुक्त प्रांताकडून खेळायला परवानगी दिली. त्यांचाच प्रांत जिंकला आणि त्यांची निवड झाली. कर्णधारपद मात्र या सामन्यांत न खेळलेल्या जयपालसिंह यांना मिळाले. हे आदिवासी समाजातले बुद्धिमान तरुण तेव्हा इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शिकत होते. संघ इंग्लंडला पोहोचल्यावर ते त्याला येऊन मिळाले.

ॲमस्टरडॅमचे ऑलिंपिक तुम्ही ऐकले असेल. ऑस्ट्रियावर सहा, बेल्जियमवर नऊ, डेन्मार्कवर पाच, स्वित्झर्लंडवर सहा गोल. २६ मे रोजी अंतिम सामना यजमान हॉलंडशी होता. कर्णधार जयपालसिंह संघ सोडून गेले होते. आघाडीचे फिरोज खान जायबंदी होते, शौकत अली आजारी होते, खेरसिंह आजारी होते आणि खुद्द ध्यानचंद यांना ताप होता. तरीही भारताने तीन गोलांनी सामना जिंकला. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे होते.

आणि शौकत अली? ज्यांना बंगालच्या वर्गणीमुळे बोट मिळाली, ते या ऑलिंपिकमध्ये एकच सामना खेळले. त्या एका सामन्यात त्यांनी एक गोल केला. पाच सामन्यांत १४ गोल आणि एका सामन्यात एक गोल, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर पहिला खेळाडू फार मोठा आणि दुसरा साधा वाटतो. पहिला मोठा होताच. पण दुसऱ्याला पाच सामने मिळाले असते तर त्याचा आकडा काय झाला असता, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, आणि लिहिता येणारही नाही. गोल मोजता येतात. न मिळालेले सामने मोजता येत नाहीत.

संघ परत आला तेव्हा मुंबईचा तोच धक्का माणसांनी फुलून गेला होता.

आता चार वर्षे पुढे चला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पुन्हा प्रांतांचे सामने ठरले. ध्यानचंद तेव्हा वायव्य सरहद्दीवर, वझिरीस्तानच्या बाजूला होते. तिकडे सदा चकमकी चालत. त्यांच्या पलटणीने सामन्यांसाठी रजा नाकारली. नियम असा होता, की प्रांतिक सामन्यांत खेळेल त्यातून संघ निवडायचा. मग काय करावे? महासंघाने नियम बाजूला ठेवला आणि ध्यानचंद यांना चाचणीशिवायच संघात घेतले. इतर सर्वांना मात्र कलकत्त्याच्या मैदानावर आपली योग्यता सिद्ध करावी लागली.

हे योग्य झाले का? मला वाटते, ध्यानचंद यांच्या बाबतीत दुसरा मार्ग नव्हता. रजा न मिळणे हा त्यांचा दोष नव्हता, आणि त्यांचा खेळ सगळ्या जगाने पाहिलेला होता. पण त्याच वेळी दुसरा एखादा तरुण फॉरवर्ड असेल, ज्यालाही साहेबाने रजा नाकारली असेल. त्याच्यासाठी कोणी नियम मोडला नाही. त्याचे नाव वरिष्ठांना माहीत नव्हते, आणि नाव माहीत व्हायला जो सामना खेळावा लागतो, त्या सामन्यालाच त्याला जाता आले नव्हते. एकदा नाव झालेल्याला पुढची संधी आपोआप मिळते आणि नाव नसलेल्याला पहिलीच मिळत नाही, हे तुम्हांला शाळेच्या संघातही दिसेल.

या वेळी चाचणीतून आलेल्यांत एक नाव होते रूपसिंह. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ! ते भावाच्या वशिल्याने आले नव्हते. सामने खेळून आले होते. थोरल्याला चाचणी माफ झाली आणि धाकट्याने ती देऊन जागा मिळवली, असा हा गमतीचा प्रकार. घरची गरिबी एवढी, की विलायतेला जायला रूपसिंहांकडे बरे कपडे नव्हते आणि त्यामुळे ते जायलाच तयार नव्हते, असे सांगतात. थोरल्या भावाने कपड्यांची सोय केली तेव्हा ते निघाले. संघाचे कर्णधार होते लालशहा बुखारी.

लॉस एंजेलिसला भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ आले होते. भारताने जपानवर ११ आणि अमेरिकेवर २४ गोल केले. दोन्ही सामन्यांत भारतावर एकेकच गोल झाला. अमेरिकेविरुद्ध रूपसिंहांनी दहा गोल केले आणि ध्यानचंद यांनी आठ. सबंध स्पर्धेत रूपसिंहांचे १३ आणि ध्यानचंद यांचे १२ झाले. म्हणजे धाकटा भाऊ एका गोलाने पुढे! रूपसिंह ‘इनसाइड लेफ्ट’ला, भावाच्या डाव्या हाताला खेळत. दोघांना एकमेकांकडे पाहावेही लागत नसे. तरीसुद्धा आज शंभर जणांना विचारा, ध्यानचंद शंभरांना माहीत असतील आणि रूपसिंह किती जणांना? ग्वाल्हेरला त्यांच्या नावाचे एक मोठे स्टेडियम आहे, आणि त्यात लोकांनी पाहिले ते बहुतेक क्रिकेट.

आता ते उदाहरण, ज्याचे मी मघाशी वचन दिले होते. आयुष्यातला सर्वांत आवडता सामना कोणता, असे ध्यानचंद यांना कोणी विचारले तर ते ऑलिंपिकचे नाव घेत नसत. ते १९३३ सालच्या बेटन चषकाच्या अंतिम सामन्याचे नाव घेत. हा सामना कलकत्त्याला झाला. एका बाजूला कलकत्ता कस्टम्सचा नामांकित संघ. त्यात देशातले एकाहून एक सरस खेळाडू होते, आणि त्यांत होते तेच शौकत अली, ॲमस्टरडॅमला एकच सामना मिळालेले. दुसऱ्या बाजूला ‘झाशी हीरोज’, ध्यानचंद यांच्या गावचा संघ. त्यात बहुतेक कोवळी, नवखी पोरे. नाव घ्यावे असे दोघेच होते. एक रूपसिंह आणि दुसरे इस्माईल. इस्माईल मुंबईला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडून खेळत. मुंबई ते झाशी हा त्याच रेल्वेचा रस्ता. त्या रस्त्याने हा खेळाडू झाशीच्या संघाला मिळाला होता.

कस्टम्सने हल्ल्यांमागून हल्ले केले. झाशीच्या पोरांनी गोल वाचवत वाचवत कसाबसा दम धरला. अजून गोल झालेला नाही, आणि मग ध्यानचंद यांच्याकडे चेंडू आला. सर्वांची नजर त्यांच्यावर. ते स्वतः घुसणार, असे कस्टम्सच्या खेळाडूंना वाटले. ध्यानचंद यांनी मैदान चिरत एक लांब तडाखा मारला आणि चेंडू इस्माईलच्या पुढे टाकला. इस्माईल वाऱ्यासारखा धावला. जवळजवळ अर्धे मैदान त्याने एकट्याने पार केले. प्रतिस्पर्ध्यांत क्षणभर गोंधळ झाला, तेवढ्यात चेंडू गोलात! सामन्यातला तो एकमेव गोल. झाशीने चषक जिंकला. जगातल्या सर्वांत मोठ्या गोल करणाऱ्याला आपला सर्वांत आवडता सामना म्हणून जो आठवे, त्यातला गोल त्याचा स्वतःचा नव्हता.

१९३५ साली भारतीय संघ न्यूझीलंडला गेला. कर्णधारपदासाठी आधी माणावदरच्या नवाबांचे नाव होते. संस्थानिकांना असा मान देण्याची तेव्हा रीतच होती. नवाबांनी जाण्यास नकार दिला, म्हणून ते पद ध्यानचंद यांच्याकडे आले. दहा वर्षे मैदान गाजवणाऱ्या खेळाडूला कर्णधारपद मिळाले, तेसुद्धा दुसऱ्याने सोडले तेव्हा! या दौऱ्यातले ४८ सामने भारताने जिंकले आणि ५८४ गोल केले. त्यांत ध्यानचंद यांचे २०१ होते.

पुढच्या वर्षी बर्लिनचे ऑलिंपिक आले. पुन्हा पलटणीने प्रांतिक सामन्यांसाठी रजा नाकारली, पुन्हा महासंघाने चाचणीशिवाय त्यांना घेतले आणि या वेळी कर्णधार केले.

बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलै १९३६ रोजी जर्मनीशी सरावाचा सामना झाला. भारत चार विरुद्ध एक गोलाने हरला. त्या रात्री ध्यानचंद यांना झोप लागली नाही. आघाडीच्या ओळीत काही तरी चुकत होते. उजवा ‘इनसाइड’ जमत नव्हता. कर्णधार आणि व्यवस्थापक यांनी ठरवले, की पंजाबच्या अली इक्तिदार शहा दारा यांना बोलवायचे. लागलीच भारतात तार गेली. दारा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मूळ संघाबरोबर ते आलेले नव्हते. आता त्यांना विमानाने पाठवण्यात आले. त्या काळी भारतातून युरोपला विमानाने जाणे ही केवढी अपूर्व गोष्ट! उपान्त्य सामन्याच्या आधी दारा बर्लिनला पोहोचले आणि फ्रान्सविरुद्ध आघाडीला उभे राहिले. भारताने तो सामना दहा गोलांनी जिंकला.

दारांना संधी मिळाली याचा आपल्याला आनंद होतो. पण अकरांत बारावा बसत नाही. दारा आत आले म्हणजे आधीच्या सामन्यांत खेळलेला कोणी तरी बाहेर गेला. त्यानेही हंगेरी, अमेरिका, जपान यांच्याविरुद्ध विजय मिळवण्यात हातभार लावला होता. अंतिम सामना त्याने कडेला बसून पाहिला. कर्णधाराला हे ठाऊक नव्हते असे नाही. ध्यानचंद यांना निवड करायची होती आणि त्यांनी ती केली. संघाच्या दृष्टीने ती बरोबर ठरली. त्या एका खेळाडूच्या दृष्टीने काय ठरले, ते त्यालाच विचारायला हवे होते.

अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसामुळे तो १५ ऑगस्टला झाला. समोर जर्मनी. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला. मग ध्यानचंद यांनी खिळ्यांचे जोडे आणि मोजे काढून टाकले आणि साध्या रबरी तळव्यांचे बूट घालून ते खेळू लागले. त्यानंतर गोलांचा पाऊस पडला. आठ विरुद्ध एक! दारांनीही गोल केले. भारताला लागोपाठ तिसरे सुवर्णपदक मिळाले. जर्मनीचा तो एक गोल हा सबंध स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल होता.

याच दारांनी पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या संघाचे नेतृत्व केले.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. ध्यानचंद यांचे वय तिशी ओलांडून पुढे गेले. ज्या तरुणांचे पंचविशीचे दिवस या आठ-दहा वर्षांत आले, त्यांना कोणत्याच प्रशिक्षकाने डावलले नव्हते, काळानेच डावलले. १९४७ साली पूर्व आफ्रिकेतून भारतीय संघाला निमंत्रण आले, पण ध्यानचंद येणार असतील तरच, अशा अटीवर! बेचाळीस वर्षांचे ध्यानचंद गेले आणि २२ सामन्यांत त्यांनी ६१ गोल केले.

तिथून परतल्यावर मात्र त्यांनी हळूहळू मोठ्या सामन्यांतून अंग काढून घेतले. १९४८ च्या नव्या ऑलिंपिक संघाशी त्यांचा एक प्रदर्शनीय सामना झाला. ध्यानचंद यांचा संघ दोन विरुद्ध एक गोलाने हरला. त्यांच्या बाजूचा एक गोल त्यांनीच केला होता. त्यांची जागा घ्यायला नवी पोरे तयार झाली आहेत, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. याच पोरांनी लंडनला स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्णपदक मिळवले.

१९५६ साली ते मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. शिपाई म्हणून लागलेला माणूस मेजर होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. नंतर त्यांनी राजस्थानात माउंट अबू येथे आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत तरुणांना हॉकी शिकवली. बाले तिवारींच्या जागी आता ते स्वतः उभे होते. समोर पन्नास पोरे, आणि काठी कोणाला द्यायची, मध्ये कोणाला उभे करायचे, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांचे पुत्र अशोककुमार हेही आघाडीलाच खेळले. १९७५ साली क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्यातला विजयी गोल अशोककुमारांचा. तो चषक वडिलांना पाहायला मिळाला.

शेवटची वर्षे झाशीत गेली. पैशाची चणचण होती. लोक हळूहळू विसरत चालले होते. एकदा ते अहमदाबादला एका हॉकी स्पर्धेच्या ठिकाणी गेले, तर दारावरच्या माणसांनी त्यांना ओळखले नाही आणि आत सोडले नाही. ज्याच्यासाठी महासंघाने दोन वेळा नियम बाजूला ठेवले, त्याला म्हातारपणी एका मैदानाच्या दारावरून परत फिरावे लागले.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडादिन झाला, दिल्लीच्या मोठ्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या क्रीडा पुरस्कारालाही ते देण्यात आले. पण हे सारे नंतरचे. त्या डिसेंबरात त्यांना दिल्लीहून झाशीला आणले. झाशी हीरोजच्या मैदानावर, जिथे ते पोरांना घेऊन खेळत, तिथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पंजाब रेजिमेंटच्या जवानांनी आपल्या जुन्या शिपायाला मानवंदना दिली.